खंडेनवमीला पुजलेला कॉम्प्युटर

आमच्याकडं पाटी आधी दिसते आणि दवाखाना नंतर. पाटी संगमरवराची आहे, सोनेरी अक्षरांची. अमक्या शेटजींच्या स्मरणार्थ एक्स-रे यंत्र सप्रेम भेट. ते यंत्र शहरातल्या कुठल्याशा हॉस्पिटलनं जुनं झालं म्हणून काढून टाकलेलं होतं. तिकडं नवं आलं आणि हे आमच्याकडं आलं. जुनं लुगडं मोलकरणीला देतात, तसं. फरक एवढाच, की लुगडं देणारी बाई मोलकरणीच्या दारावर स्वतःच्या नावाची पाटी ठोकून जात नाही.

दवाखाना एका ट्रस्टचा. डोंगरकडा गावाच्या पुढं, रस्त्याला लागून. त्याच्या मागच्या माळावर आमचा तांडा. घरात आम्ही बंजाऱ्यांची गोरबोली बोलतो. इथं मराठीत लिहून राहिलो, कारण मला लिहायला शाळेनं नाही, पत्रकांनी शिकवलं आणि पत्रकं मराठीत निघतात. हिंगोलीच्या ज्या छापखान्यात आमच्या संघटनेची पत्रकं छापायचो, तिथला जुळणी करणारा माणूस काम सोडून गेला. मालक म्हणाला, "तुमची भाषणं तुम्हीच टाइप करा." मी बसलो. तिथं मराठीचं जुनं सॉफ्टवेअर होतं, ते नव्या विंडोजवर चालत नव्हतं, म्हणून छापखान्यात जुनी विंडोज, एक्सपीच ठेवलेली. प्रिंटर रुसला, फॉन्ट उडाले, माऊस मेला, सगळं मीच निस्तरायचो. त्यामुळं पंचक्रोशीत माझ्या दोन ओळखी झाल्या: मोर्चे काढणारा आणि एक्सपी कळणारा. दुसऱ्या ओळखीसाठी लोक घरी बोलवत. पहिलीसाठी लवकर वाटेला लावत.

दवाखान्यातल्या एक्स-रेचा कॉम्प्युटरही एक्सपीवरच चालायचा. कॅसेट नावाच्या चपट्या फळीवर छातीचा फोटो घ्यायचा, ती कॅसेट एका मोठ्या पेटीत सारायची, पेटी ती वाचायची आणि फुप्फुस पडद्यावर यायचं. पेटी जुनी, कॉम्प्युटर जुना, दोघांची एकमेकांशी सवय जुनी. चालू होतं तोवर कुणी त्याकडं बघितलं नाही.

आता काकीचं सांगतो. माझ्या चुलत्याची बायको. आई शेतात गेली की मला हिनंच भाकरी घातलेली. दर साली दसरा झाला की काका-काकी टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे. ऊसतोडीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकजण मागं राहिला की दुसऱ्याचा कोयता मोडतो. त्या साली पावसाळ्यापासून काकी खोकत होती. अंगावरची चोळी सैल झाली होती. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, त्या ती दोऱ्यानं बांधून ठेवायची.

"मला औंदा न्हाई जमायचं," तिनं मुकादमाला सांगितलं. मुकादम आमच्याच तांड्यातला, नात्यातला. तो बाजेवर बसून चहा पित होता.

"खोकला कोणाला न्हाई, वहिनी? माझी म्हैस बी खोकून राहिली."

"मग म्हशीला ने तोडीला."

सगळे हसले. मुकादमही हसला, पण बशी खाली ठेवून म्हणाला, "हे बघा, तोंडी सांगितलेलं मी धरत न्हाई. समद्याच बाया तोंडी सांगतात. छातीचा फोटो काढून आणा. त्याच्यात काही निघालं तर मीच म्हणतो घरी बसा. दादाला मी दुसऱ्याच्या जोडीत घालीन. मी काय कसाई हाव?"

तो कसाई नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पत्रकात आम्ही त्याला कसाईच लिहायचो. तो हिशेबाचा माणूस होता आणि त्यानं रस्ता दाखवला होता: फोटो. काकीला घरी ठेवू शकेल अशी जगात एकच वस्तू होती, तिच्या छातीचं काळंपांढरं चित्र.

दवाखान्यात आठवड्याला एकदा नांदेडहून डॉक्टर यायचे. त्यांनी थुंकी तपासायला पाठवली होती, तिच्यात काही आलं नव्हतं. "पण छातीचा आवाज मला बरा वाटत नाही," ते म्हणाले. "फोटो काढा, मग बोलू."

तो दिवस खंडेनवमीचा.

आमच्याकडं खंडेनवमीला सगळी हत्यारं पुजतात. शेतकरी नांगर-कुळव पुजतो, सुतार रंधा, ड्रायव्हर गाडी. काकानं त्या सकाळी कोयते घासून, कुंकू लावून भिंतीला टेकवले होते. आणि पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. ते एक दिवस विसावतं. माणसाला रजा नसते, हत्याराला असते.

दवाखान्यात एक्स-रे काढणारे एक मामा होते. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. मऊ बोलणारा, कपाळाला अष्टगंध लावणारा माणूस. मी काकीला घेऊन गेलो तेव्हा त्यांची पूजा आटोपली होती. खोली ओल्या फडक्यानं पुसलेली. पेटीवर हळदीकुंकवाची बोटं, कीबोर्डवर अक्षता, मॉनिटरला झेंडूची माळ, समोर फोडलेला नारळ.

"आज न्हाई चालू करायचं बाबा," मामा म्हणाले. "आज त्याचा दिवस हाय. दसरा झाला की या, पहिला नंबर तुमचा."

मी तोंड उघडणार होतो. काकीनं माझा शर्ट ओढला. "ऱ्हाऊ दे पुढारी. त्याला बी एक दिवस निजू दे. माझ्यासारखंच जुनं दिसून राहिलं ते."

मामांनी तिच्या हातावर खोबरं ठेवलं. ती तिथंच पायरीवर बसून खोकत खोकत खोबरं चघळत राहिली.

दसऱ्यानंतर आम्ही गेलो तेव्हा कॉम्प्युटर उघडून ठेवलेला होता आणि त्याच्यासमोर ट्रस्टच्या अध्यक्षांचा पुतण्या बसला होता. पुण्यात कुठल्याशा कंपनीत कामाला, सणाला गावी आलेला. सकाळी मामांनी यंत्र चालू केलं तर पडद्यावर कसलीशी करडी चौकट आली होती.

"काय लिहिलं होतं तिच्यात?" मी विचारलं.

"इंग्रजीत होतं. मी ओके दाबलं," मामा म्हणाले.

"वाचलं न्हाई?"

"ओके दाबलं की जाती ती. नेहमी जाती."

इथं मामांना हसू नका. आपण सगळे हेच करतो. पडद्यावर इंग्रजीत काही आलं की ओके. आम्हाला कुणी वाचायला शिकवलंच नाही, फक्त दाबायला शिकवलं. पण त्या दिवशी चौकट गेली आणि तिच्याबरोबर एक्स-रेचं सॉफ्टवेअरही बंद झालं. मामांनी अध्यक्षांना फोन केला. अध्यक्षांनी पुतण्याला धाडलं. पुतण्यानं ती चौकट पाहिलीसुद्धा नाही.

"व्हायरस आहे. फॉरमॅट मारला," तो मला म्हणाला. मारून झालं होतं, कॉम्प्युटर कोरा. "नवीन विंडोज टाकून बघितली, पण या डबड्याला झेपत नाही. मग परत एक्सपी टाकली. आता फक्त ड्रायव्हर टाकायचे. दहा मिनिटांचं काम."

"मग टाका ना."

"मला निघायचंय. रिझर्वेशन आहे." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "तुम्हाला येतं म्हणे एक्सपीचं?"

हे असं असतं. उद्घाटनाला ते आणि ड्रायव्हर टाकायला आम्ही.

ड्रायव्हर म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटरच्या पोटात जे जे काही बसवलेलं असतं, त्याची भाषा कॉम्प्युटरला समजावून सांगणारा दुभाषा. फॉरमॅटनं सगळे दुभाषे एका झटक्यात मारून टाकले होते. मी डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे आतल्या भागांची यादी उघडली. खाली पिवळ्या प्रश्नचिन्हांची रांग. आवाज ओळखत नाही, नेट ओळखत नाही, पेनड्राइव्ह लावावा ती खाच ओळखत नाही, आणि ज्या कार्डाला फोटो वाचणारी पेटी जोडलेली ते कार्ड तर मुळीच ओळखत नाही. घरच्याच माणसांना ओळख विसरलेला म्हातारा असतो ना, तसा तो कॉम्प्युटर बसला होता.

काकी दारात उभी. "काय म्हणतंय?"

"उद्या होईल, काकी."

त्यानंतर हे 'उद्या' आमच्या तोंडी बसलं. मामा उद्या म्हणायचे, मी उद्या म्हणायचो. काकी सोयाबीन काढायला जायची आणि येताना धुळीनं माखलेली दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसायची. आता शहाणे मला विचारतात, हिंगोलीला का नाही नेलं? विचारणं सोपं आहे. सोयाबीनची काढणी दारात, टोळी निघायच्या आधी शेंग घरात यायला पाहिजे, आणि एक अख्खा दिवस घालवायचा तर कशाला, जर इथंच, हाकेच्या अंतरावर, उद्या होणार आहे? यंत्र नसतं तर आम्ही पहिल्याच दिवशी हिंगोलीची गाडी धरली असती. बंद यंत्र हे नसलेल्या यंत्रापेक्षा वाईट. ते माणसाला बसवून ठेवतं.

पहिली अडचण ही, की ड्रायव्हर आणायचे कसे? नेट चालत नाही, पेनड्राइव्ह चालत नाही. उरली सीडी. सीडीचा कप्पा अडकलेला. पुढच्या बारीक भोकात टाचणी खुपसून तो बाहेर काढला. बोर्ड कुठल्या कंपनीचा ते कळायला डबा उघडला, टॉर्च मारून बोर्डावर छापलेला नंबर वाचला. आत धुळीचा गादीसारखा थर आणि एक वाळलेली पाल. मोबाइलवर त्या नंबरचा ड्रायव्हर शोधला, डोंगरकड्याच्या एका दुकानात सीडीवर उतरवला, आणून टाकला. निळा पडदा येऊन यंत्र गोठलं. ड्रायव्हर चुकीचा होता. परत सुरू करताना एफ-आठ दाबून, यंत्राला अर्धंच जागं करणाऱ्या सेफ मोडमध्ये शिरलो, तो काढला, दुसरा आणला. त्यात आणखी एक छळ: बोर्डावरचा, तारीख लक्षात ठेवणारा बारका सेल मेलेला. नवा घातला तरी त्याची पत्री सैल, त्यामुळं यंत्र दर वेळी जुन्याच कुठल्यातरी सालात जागं व्हायचं आणि अडून बसायचं, एफ-वन दाबा म्हणून. एफ-वन दाबलं की पुढं सरकायचं.

"त्याला रोज सकाळी समजूत घालायला लागती व्हय?" काकीनं विचारलं.

"व्हय."

"तुझ्या काकासारखं हाय."

एकेक पिवळं चिन्ह गळत गेलं. आवाज आला, खाचा आल्या. राहिलं ते पेटीचं कार्ड. त्याचा ड्रायव्हर मोबाइलवर कुठंच नव्हता. ज्या कंपनीनं ते बनवलं होतं, तिनं आपली जुनी पानं नेटवरून काढून टाकलेली. आपण विकलेलं यंत्र अजून कुणाच्या तरी छातीचा फोटो काढत असेल, हे तिच्या ध्यानीही नसणार. मामांनी कपाट धुंडाळलं. देवांच्या तसबिरींच्या मागं मूळ सीडी निघाली. तिच्यावर रेघाच रेघा. कॉम्प्युटर ती अर्धी वाचायचा आणि घरघरत थांबायचा.

डोंगरकड्याच्या त्या दुकानातले चाचा रेडिओच्या जमान्यापासून दुरुस्तीच्या धंद्यात. मी सीडी त्यांच्यापुढं ठेवली.

"या अल्ला, इससे सुपारी कातरी क्या?" त्यांनी सीडी उजेडात धरली. मग दात घासायची पेस्ट बोटावर घेतली आणि आतून बाहेर, आतून बाहेर असं हलक्या हातानं घासत राहिले. "किसका फोटो निकालना है?"

"काकीचा. खोकते."

"भोत दिन से?"

"पावसाळ्यापासून."

घासता घासता त्यांचा हात थांबला. "तो इसके भरोसे काहे को बैठे तुम लोग?" एवढं बोलून ते पुन्हा घासू लागले. त्यांच्या जुन्या ड्राइव्हनं सीडी वाचली. त्यांनी तिची नवी प्रत करून दिली. मी ती घेऊन तांड्याकडं निघालो.

त्या दिवशी संध्याकाळी तांड्यात आलो तर गोणपाटं बांधणं चाललं होतं. मुकादम म्हणाला, "कारखाना लवकर चालू होऊन राहिला. गाडी उद्या सकाळी येती."

"अजून फोटो न्हाई निघाला."

"मग मी काय करू? आठ दिवस झाले तुमचा फोटो निघून राहिला. फोटो दाखवा, मी आत्ता नाव काढतो."

"उद्या सकाळीच काढतो. गाडी यायच्या आत."

"काढा. माझं काहीच म्हणणं न्हाई."

काका कोयत्यांना धार लावत बसला. काकी भांडी पोत्यात भरत होती. मला म्हणाली, "तुझी मागच्या मोर्च्याची पत्रकं उरलीत का? चुलीला दे. तिकडं वल्लं सरपण असतं, पेटायला बराबर येतात." मी आणून दिली. तिनं ती नीट घडी घालून ठेवली. तिला वाचता येत नव्हतं, पण घडी मात्र ती अक्षरं आतल्या बाजूला ठेवून घालायची.

सकाळी उजाडताच मी आणि मामा खोलीत. एफ-वन. चाचांनी दिलेली सीडी घातली. कार्ड काढून त्याच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवलं, दुसऱ्या खाचेत बसवलं. शेवटचं पिवळं चिन्ह गेलं. पेटी गुरगुरली, तिचा हिरवा दिवा लागला. मामांनी हात जोडले. मी त्याच सीडीतलं एक्स-रेचं सॉफ्टवेअर टाकलं आणि सुरू केलं.

करडी चौकट आली.

मामांचा हात सवयीनं ओके दाबायला माऊसकडं गेला. मी तो धरला आणि वाचलं. त्यात लिहिलं होतं, की कुलूप सापडत नाही, कुलूप लावा.

छापखान्यातल्या मराठी सॉफ्टवेअरलाही असं कुलूप असायचं. करंगळीच्या पेराएवढा एक तुकडा, कॉम्प्युटरच्या मागं खोचलेला. तो खोचलेला असेल तरच सॉफ्टवेअर चालतं, म्हणजे कुणी फुकट नक्कल मारू नये. विकणाऱ्याचा पहारेकरी. मी मागं वाकून पाहिलं. काहीच नव्हतं.

"मामा, इथं काही खोचलेलं होतं का? बारकं, हिरवं नाहीतर काळं?"

मामा विचार करू लागले. मग त्यांचा चेहरा उतरत गेला.

"हिरवं. व्हतं. पूजेला मागून पुसायचं म्हणून समद्या वायरी काढल्या. ते कशाचंच वाटलं न्हाई, वायर न्हाई त्याला, काही न्हाई... मी ते काढून देवाजवळ ठेवलं. कुंकू वाहिलं त्याला बी. मंग माळ, अक्षता, खोबऱ्याच्या कवट्या..." ते थांबले. "निर्माल्यात गेलं बाबा."

निर्माल्य पायदळी येऊ देत नाहीत. ते मारुतीमागच्या पिंपळाच्या बुडाशी नेऊन ठेवतात. गावानं खंडेनवमीचं आणि दसऱ्याचं सगळं तिथंच नेऊन ठेवलं होतं. आम्ही पळत गेलो. झेंडूचा ढीग कमरेएवढा, वरून वाळलेला, आतून सडून गरम झालेला. गाड्यांच्या माळा, ट्रॅक्टरच्या माळा, आपट्याची पानं, लिंबं. पहिल्या दिवशी ती चौकट कुणी वाचली असती, तर मामांना तिथंच आठवलं असतं, ढिगाच्या वरच सापडलं असतं आणि दुपारी काकीचा फोटो निघाला असता. फॉरमॅटनं त्या चौकटीवर एवढं मोठं काम रचून ठेवलं, की तिच्यापर्यंत परत पोचायला आम्हाला सगळे दिवस लागले.

आम्ही दोन्ही हातांनी फुलं उपसत होतो. मामा रडत होते आणि उपसत होते. तेवढ्यात रस्त्याकडून ट्रकचा हॉर्न आला. लांबलचक. टोळीची गाडी निघताना देतात तसा.

"गेली वाटतं," मामा म्हणाले.

मी उठून धावलो. रस्त्याला लागलो तेव्हा ट्रकचं मागचं फळकं वळणावर दिसलं. वर बांधलेल्या बाजा, पोती, एक शेळी. माणसं ओळखू येत नव्हती.

परत आलो तेव्हा मामांच्या तळहातावर ते होतं. हिरवं, दातात कुंकू भरलेलं, झेंडूची एक पाकळी चिकटलेली. दवाखान्यातलं स्पिरिट आणि ब्रश घेऊन साफ केलं, वाळवलं, खोचलं. एफ-वन. चौकट आली नाही. सॉफ्टवेअर उघडलं. यंत्र ठणठणीत होतं.

मी काकाला फोन लावला. तो म्हणाला मुकादमाशी बोल. मुकादम म्हणाला, "निघालं का फोटोत काही?"

"माणूसच न्हाई तर निघेल कसं? उतरवून द्या तिला. मी मोटारसायकलवर येतो."

"गाडी भरून निघालीया. एका कोयत्यासाठी उभी करू? फोटोत काही निघालं असतं तर मी उतरवलं असतं, तुला माझा शब्द हाय. पण काही न्हाईच ना तुझ्याकडं."

काकीनं मागून आवाज दिलेला ऐकू आला: "पुढाऱ्याला सांग, शेंगा कोठीत ठेवल्यात, उंदरं बघ म्हणावं." मग फोन तुटला.

माघात काकी गेली. उसाच्या फडाशेजारच्या पाचटाच्या कोपीत, पहाटे मोळ्या वाहून आल्यावर. काका तिला टेम्पोत घेऊन आला. तिथल्या डॉक्टरनं वरवर पाहून हृदय बंद पडलं असं सांगितलं. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. तिच्या छातीत काय होतं, ते आम्हाला अजून माहीत नाही. क्षय होता, पाणी होतं, गाठ होती, का काहीच नव्हतं आणि नुसती दमून मेली? औषधानं बरी होणारी गोष्ट होती का नव्हती? हे न कळणं कसं असतं ते मला सांगता येत नाही. पत्रकात तर मुळीच येत नाही. पत्रकाला कारण लागतं, गुन्हेगार लागतो.

गुन्हेगार लोकांनी लगेच पुरवले. संघटनेतले म्हणाले, अंधश्रद्धेवर लिही, पूजेनं बाई मारली म्हण. ट्रस्टचे अध्यक्ष म्हणाले, मामांचा निष्काळजीपणा. त्यांना काढायची बोलणी सुरू झाली. मी दोन्ही लिहिलं नाही. मामांनी त्या तुकड्याला कुंकू लावलं, निदान ते काहीतरी आहे म्हणून त्याच्यापुढं वाकले. ज्यांनी यंत्र दिलं त्यांनी तर ते आहे एवढंही सांगितलं नव्हतं. माणसाच्या फुप्फुसाला कुलूप घालून त्याची किल्ली कुठं आहे हे न सांगता वर संगमरवरी पाटी लावणारे, आणि न वाचता फॉरमॅट मारून रिझर्वेशनची गाडी पकडणारे, त्यांच्याबद्दल लिहिलं. पत्रक निघालं. पाटीवर कुणीतरी ते चिकटवलंही. दुसऱ्या दिवशी पाटी धुतलेली होती. मामा मात्र टिकले. अध्यक्षांनी मन मोठं केलं असं नाही, तेवढ्या पगारावर राबणारा दुसरा कुणी मिळाला नाही.

पुढच्या साली खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मामांचा फोन आला. "जरा ये. अडून बसलंय."

गेलो तर दवाखान्याच्या पायरीवर बायांची रांग. सगळ्या आमच्या नि शेजारच्या तांड्याच्या, टोळीला जाणाऱ्या. कडुलिंबाखाली मुकादम मोटारसायकलवर बसलेला. मला बघून खाली उतरला.

"तुझंच काम केलं बघ," तो म्हणाला. "मागल्या साली जे झालं ते झालं. मला लई लागलं. औंदा मी समद्यांना सांगितलं, छातीचा फोटो काढल्याबिगर कोणाला गाडीत घेत न्हाई. साफ असंल तीच येणार. मधीच कोणी बसलं तर टोळीची तकलीफ होती."

"आणि जिच्यात निघालं ती?"

"ती घरी. मी काय कसाई हाव?"

"घरी म्हणजे? दवापाणी?"

"ते तुमचं बघा ना. तुमची संघटना हाय." तो परत मोटारसायकलवर बसला.

रांगेत पहिली बसली होती काकीची सून. काकाचा कोयता मोडला होता, म्हणून आता त्याच्या पोराचा कोयता जाणार होता. काकी गेल्यावर उन्हाळ्यात लग्न झालेलं. खोकत नव्हती. तिनं मला विचारलं, "भावजी, फोटो साफ निघंल ना?"

साफ निघावा असं तिला वाटत होतं. साफ निघाला तर ती जाणार होती. काकीला जे चित्र घरी ठेवू शकलं असतं, तेच चित्र हिला गाडीत चढवणार होतं. आणि साफ नसला तर घरी बसून करायचं काय, हे त्या रांगेत कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

मी आत गेलो. मामांनी ते हिरवं कुलूप लाल दोऱ्यानं कॉम्प्युटरच्या मागच्या जाळीला बांधून टाकलं होतं, गाठीवर गाठ. मॉनिटर तेवढा पुसलेला. उद्याच्या पूजेचं सामान खिडकीत होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

पडदा काळा. वर पांढऱ्या अक्षरांत तारीख चुकल्याची तक्रार, खाली तेच: पुढं जायला एफ-वन दाबा.

"हे तर तुमाला येतं, मामा," मी म्हणालो. "एवढ्यासाठी काहून बोलावलं?"

"येतं," मामा म्हणाले. "हात जाईना."

बाहेर बाया बोलत होत्या, कुणाचं तरी लेकरू रडत होतं. मुकादमानं उगाच एकदा हॉर्न वाजवला.

मी एफ-वन दाबलं.